पाचवीच्या रात्रीचा ताल

बाळ पाच दिवसांचं झालं की संध्याकाळी पाटा-वरवंटा मांडायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. रात्रभर घरात कुणीतरी जागं राहायचं. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, हे कल्याणच्या पारनाक्यापासून मुरबाडच्या पाड्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पुढे महिनाभर बाळ झोपेत हसलं की बायका म्हणणार, सटवाई हसवतेय. दचकलं, ओठ काढले, की सटवाई रडवतेय. लहानपणी मला यात एकच गोष्ट खटकायची: सकाळी कागद कोराच कसा राहतो? आजीला विचारलं तर तिने उत्तर दिलं नाही, कागदाची घडी घालून तो देवघरात ठेवून दिला.

लिखाण चालू असतं हे खरं, पण ते कागदावर नसतं आणि एका रात्रीत संपत नाही. आईच्या पोटात असतानाच ते सुरू झालेलं असतं. बाळाच्या मेंदूतल्या असंख्य चेतापेशी जगाची काही खबर नसताना एका तालात धडधडू लागतात, आणि त्या तालातून पुढची सगळी जोडणी होते. ही गोष्ट माणसाला कशी कळत गेली, ते सांगायचं आहे. ती जर्मनीत घडते, इटली-फ्रान्समध्ये घडते, शेवटी कुलाब्याच्या टोकाला येते. पण आधी ठाण्याच्या स्टेशनावर जाऊ, कारण ताल म्हणजे काय हा प्रश्न आपल्या भागाला मेंदूच्या आधी घड्याळाने घातला.

16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदरहून 14 डब्यांची गाडी सुमारे 400 पाहुण्यांना घेऊन निघाली आणि 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला पोचली. पुढच्या वर्षी खाडी ओलांडून रूळ कल्याणला गेले. तोवर प्रत्येक गावाची वेळ त्याच्या त्याच्या सूर्याची होती. ठाण्याचा मध्यान्ह मुंबईच्या आधी अर्ध्या मिनिटाने होतो, म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं. पण रूळ लांबत गेले, तारयंत्र आलं, आणि देशभरच्या गाड्यांना एक वेळ हवी झाली. ती घेतली मद्रासच्या वेधशाळेची. मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे फलाटावर एक वेळ आणि फलाटाबाहेर दुसरी. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही मद्रासची वेळ लावली, तेव्हा शहर भडकलं. राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबईच्याच वेळेवर चालत राहिलं आणि 1883 मध्ये सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. 1 जानेवारी 1906 पासून साऱ्या देशाची प्रमाणवेळ आली, मुंबईच्या 39 मिनिटं पुढची. तरी मुंबईने आपली वेळ पार 1955 पर्यंत पुरती सोडली नव्हती.

इतकं घड्याळपुराण सांगायचं कारण असं की मेंदूबद्दलही बराच काळ अशीच समजूत होती. नवं बाळ म्हणजे कोरा कागद. डोळे उघडले, कानावर आवाज पडले, की बाहेरून वेळेचे इशारे येणार आणि आतल्या पेशी आपापली घड्याळं त्याला लावून घेणार. मद्रासहून तार येणार, मग ठाण्याची गाडी सुटणार.

या समजुतीला पहिला धक्का बसला तो एका विक्षिप्त माणसामुळे. 1893 च्या सुमारास हान्स बर्गर हा तरुण जर्मन सैन्यात वर्षभराची नोकरी करत होता. सराव चालू असताना त्याचा घोडा उधळला आणि तो तोफेच्या गाड्यापुढे पडला. गाडीवानाने घोडे जेमतेम आवरले. त्याच संध्याकाळी वडिलांची तार आली, बरा आहेस ना? दूर घरी असलेल्या बहिणीला अचानक वाटलं होतं की भावावर काहीतरी संकट आहे. बर्गरने गणित आणि खगोलशास्त्राचा नाद सोडला, डॉक्टर झाला आणि जेना इथल्या मनोरुग्णालयात आयुष्य घालवलं, ते मेंदूतली कुठली शक्ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात पोचते हे शोधण्यासाठी.

ती शक्ती त्याला सापडली नाही. पण 6 जुलै 1924 रोजी, कवटीची शस्त्रक्रिया झालेल्या एका 17 वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा लावून त्याने माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. पाच वर्षं तो स्वतःच्याच नोंदींवर संशय घेत राहिला आणि 1929 मध्ये त्याने लेख छापला. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला दहाएक लाटा उठतात. डोळे उघडले किंवा आकडेमोड करायला सांगितली की लाटा मोडतात. आपल्याकडे कुणाचं डोकं फिरलं असं म्हणायचं झालं तर ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ म्हणतात, कारण 1901 पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे. जेनाच्या मनोरुग्णालयाच्या प्रमुखाबद्दल त्याच्या व्यवसायबंधूंचं मत साधारण तेच होतं. लाटा म्हणजे यंत्रातला दोष किंवा कातडीखालच्या स्नायूंची थरथर, असं धरून लोक मोकळे झाले.

1934 मध्ये केंब्रिजला एडगर एड्रियन यांनी, तेव्हा ते ताजे नोबेलविजेते होते, स्वतःच्या डोक्याला तारा लावून बर्गरची लाट खरी असल्याचं दाखवलं. आणि त्यांनी सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांच्याबरोबर एक मोठी गोष्ट मांडली. एका पेशीची वीज इतकी क्षीण की कवटीबाहेर ती दिसणं शक्य नाही. लाट दिसते याचा अर्थ असंख्य पेशी एकाच वेळी उठतात आणि एकाच वेळी बसतात. माणूस काही पाहू लागला की हा मेळ फुटतो, प्रत्येक पेशी आपल्या कामाला लागते आणि म्हणून लाट सपाट होते. दुसऱ्याच वर्षी बोस्टनला गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी मेळाची काळी बाजू दाखवली. वर्गात बसलेलं मूल काही क्षण शून्यात पाहतं आणि पुन्हा भानावर येतं, त्या छोट्या फेफऱ्याच्या वेळी मेंदूभर सेकंदाला तीन या लयीत टोकदार लाटा उठतात. फेफरं म्हणजे मेंदूतला गोंधळ नव्हे, नको इतकी शिस्त. हे वाक्य मला आजही चमत्कारिक वाटतं.

बर्गरचं काय झालं, तेही सांगायला हवं. 1941 मध्ये त्याने रुग्णालयातच गळफास लावून घेतला. त्यावरून त्याला नाझींचा बळी ठरवणारी कहाणी अनेक वर्षं चालली. पण सक्तीच्या नसबंदीचे निवाडे करणाऱ्या न्यायालयात तो बसत होता, हे आता कागदपत्रांतून पुढे आलं आहे. मोठा शोध लावणारा माणूस मोठाच असतो असं नाही.

आता बाळांकडे. 1950 च्या दशकात पॅरिसच्या पोर्ट-रॉयल प्रसूतिगृहात कोलेट ड्रेफ्यूस-ब्रिझाक या डॉक्टरबाई अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या चिमुकल्या डोक्यांना तारा लावून तासन्‌तास बसत. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या मेंदूची नोंद पाहून कुणीही घाबरलं असतं. एकदम उसळी, मग कित्येक सेकंद सपाट रेघ, पुन्हा उसळी. मोठ्या माणसाची अशी रेघ आली तर तो अखेरच्या घटका मोजतोय असं समजावं. पण ही बाळं जगत होती, वाढत होती आणि आठवड्यागणिक मधली शांतता आखूड होत होती. नऊ महिने भरण्याच्या सुमारास रेघ सलग व्हायची. बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं वेळापत्रकच मांडलं. नोंद पाहून बाळ किती आठवड्यांचं आहे ते सांगता येऊ लागलं. मात्र या उसळ्या कशासाठी, हे कोडं तसंच राहिलं.

कोड्याची किल्ली मेंदूत नाही, डोळ्यात सापडली. 1963 पासून डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लाचा एक डोळा पहिले काही महिने शिवून ठेवला, मग उघडला, तर डोळा शाबूत असूनही मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकलेला नसे. दुसऱ्या डोळ्याने त्याची जागा बळकावलेली असे. यासाठी त्यांना 1981 चं नोबेल मिळालं, आणि मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळाचं ऑपरेशन लवकर करायला हवं, हा व्यवहारातला धडा जगभर गेला. इथवर मद्रासच्या तारेचीच गोष्ट वाटते: बाहेरचा प्रकाश आत जोडणी घडवतो. पण 1976 मध्ये पास्को राकिच यांनी दाखवलं की माकडाच्या गर्भात, जन्माआधीच, दोन डोळ्यांच्या तारा वेगळ्या होऊ लागलेल्या असतात. पोटात कसला आलाय प्रकाश?

उत्तर 1988 मध्ये इटलीतल्या पिसा शहरातून आलं. लुचिया गाल्ली आणि लाम्बेर्तो माफेई यांनी न जन्मलेल्या उंदराच्या डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींची वीज मोजली. त्या वयात प्रकाश टिपणाऱ्या पेशी अजून कामाला लागलेल्याच नसतात. तरीही मेंदूकडे तारा पाठवणाऱ्या पेशी थांबून थांबून तडतडत होत्या. पुढे त्यांनी हेही दाखवलं की शेजारशेजारच्या पेशी बरोबर तडतडतात. 1991 मध्ये स्टॅनफर्डला मार्कुस माइस्टर, रेचल वाँग, डेनिस बेलर आणि कार्ला शाट्झ यांनी असा पडदा साठेक सूक्ष्म तारांच्या जाळीवर पसरला आणि पूर्ण चित्र समोर आलं. पडद्याच्या एका कोपऱ्यात काही पेशी पेटतात, त्यांच्यामुळे शेजारच्या, त्यांच्यामुळे पलीकडच्या, आणि लाट सरकत जाते. मग शांतता. मग दुसऱ्याच कोपऱ्यातून दुसरी लाट. पडघ्याच्या बाजूला भात पोटरीला आलेलं असताना वारा सुटला की शेतावरून जशी एक झुळूक दिसत दिसत जाते, तसं. फरक एवढाच की इथे वारा नाही. रोपं एकमेकांच्या धक्क्याने वाकतात.

या लाटेचा उपयोग काय, ते समजायला डोंबिवलीतल्या भारनियमनाच्या दिवसांची आठवण पुरे. इमारतीच्या तळघरातली वायरिंग कुणी पाहिलेली नसते. पण आपली बत्ती गुल झाली की आपण खिडकीतून डोकावतो: समोरच्या विंगची गेली, शेजारच्यांची गेली, पण तिसऱ्या मजल्यावर उजेड आहे. दोन-तीनदा असं झालं की न पाहताच कळतं, कुणाकुणाची घरं एका फेजवर आहेत. मेंदूचंही हेच. डोळ्यापासून लाखो तारा आलेल्या, कुठली तार पडद्याच्या कुठल्या कोपऱ्यातून आली याची चिठ्ठी कुणी बांधलेली नाही. पण ज्या तारा वारंवार बरोबर पेटतात त्या शेजारच्या असणार. त्यांना शेजारी बसवा. उजव्या डोळ्यातली लाट आणि डाव्या डोळ्यातली लाट एकाच क्षणी उठत नाहीत. मग त्यांचे मजले वेगळे करा. बरोबर पेटणाऱ्या पेशींची जोड घट्ट होते, हा अंदाज कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्येच बांधला होता. त्याला गर्भातला पुरावा मिळायला चाळीस वर्षं लागली.

पोटात प्रकाश नाही, म्हणून डोळा आपणच प्रकाशाची रंगीत तालीम करतो. माझ्या मते मेंदूविज्ञानातली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे, आणि तिचा मान मिळायला हवा तितका पिसाला मिळत नाही.

याच सुमारास, 1989 मध्ये, पोर्ट-रॉयलच्याच आवारातल्या प्रयोगशाळेत येहेज्केल बेन-आरी यांचा गट नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूचे पातळ काप तपासत होता. हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी बांधलेला भाग. त्या कापात दर काही सेकंदांनी सगळ्या पेशी मिळून एक अवाढव्य लाट उठवत. आता गाबा नावाचं एक रसायन आहे, ते वाढ झालेल्या मेंदूत ब्रेकचं काम करतं. ते अडवणारं औषध मोठ्या उंदराला दिलं तर ब्रेक सुटून फेफरं येतं. तेच औषध या कोवळ्या कापावर टाकलं, आणि लाटा वाढण्याऐवजी बंद पडल्या. ब्रेक काढला आणि गाडी थांबली! याचा अर्थ एकच होता. पिल्लाच्या मेंदूत गाबा हा ब्रेक नसून ॲक्सिलरेटर आहे.

कारण निघालं साध्या मिठातलं. कोवळ्या पेशीच्या आत क्लोराइड जास्त साठलेलं असतं. गाबा आला की पेशीचं दार उघडतं, क्लोराइड बाहेर धावतं आणि पेशी पेटते. पुढे पेशी एक पंप बसवते, तो क्लोराइड बाहेर उपसत राहतो. मग तेच दार उघडलं की क्लोराइड आत येतं आणि पेशी शांत होते. हा पंप कोणता, ते 1999 मध्ये हेलसिंकीच्या गटाने दाखवलं. उंदरात हा पालट जन्मानंतर दोनेक आठवड्यांत होतो. रसायन तेच, दार तेच. आतलं मीठ बदललं आणि हुकूम उलटा झाला. यावर भांडणंही झाली. काप करताना पेशी जखमी होतात आणि त्यामुळे हे उलटं दिसतं, असं काही जण म्हणाले. जिवंत पिल्लांवर मोजणी झाली तेव्हा असं दिसलं की मेंदूच्या सालीत, म्हणजे त्याच्या बाहेरच्या थरात, कोवळेपणीही गाबा बऱ्याच अंशी आवरूनच धरतो, हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र तो पेटवतो. म्हणजे बेन-आरी चूक नव्हते, पण एका गल्लीचा नियम गावाला लावता येत नाही.

मग या लाटा सुरू कोण करतं? मद्रासची वेधशाळा नाही हे तर कळलं होतं. डोंबिवलीला 1999 पासून गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते, गणेश मंदिर संस्थानाने ती सुरू केली. फडके रोडवर अशा वेळी ढोल-ताशा पथक वाजताना जवळून पाहा. इतक्या गर्दीत ढोलवाल्याला पथकाचा प्रमुख दिसतही नसतो. तो शेजारच्या ढोलाच्या ठोक्यावर आपला ठोका टाकतो. पण चारदोन ताशेवाले असे असतात की त्यांची काडी फिरली की अख्खा रस्ता फिरतो. 2009 मध्ये मार्सेलला रोझा कोसार यांच्या गटाने कोवळ्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा ताशेवाल्या पेशी शोधल्या. लांबवर फांद्या पसरलेल्या, गाबा सोडणाऱ्या, संख्येने थोड्या. त्यातली एकच पेशी चेतवली तरी सगळ्या जाळ्याचा ताल बदलायचा. मात्र त्या ताशेवाल्यालाही बाहेरून कुणी वेळ सांगत नव्हतं.

आता सटवाईकडे परत येतो. नवजात बाळ झोपेत असताना बोटं उडवतं, पाय झटकतं, ओठ मुडपतं, हसतं. जाणते लोक म्हणायचे, मेंदूत चाललेल्या स्वप्नांची ही सांडलवंड. 2004 मध्ये रुस्तेम खाझिपोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांत वेळ मोजली तर क्रम उलटा निघाला. आधी पाय उडतो, आणि मग मेंदूच्या सालीत त्याच पायाच्या जागी एक छोटी लाट उठते. दोन-तीन वर्षांत हेच अपुऱ्या दिवसांच्या माणसाच्या बाळांत दिसलं. 29 ते 31 आठवड्यांच्या बाळाचा हात हलला की मेंदूच्या विरुद्ध बाजूला, हाताच्या जागी, ड्रेफ्यूस-ब्रिझाक यांच्या कागदांवर उमटणारी ती जुनी उसळी. अर्धशतकाचं कोडं तिथे सुटलं. उसळी म्हणजे अंगाची चाचणी. हा स्नायू ओढला, तिकडे दिवा लागला; म्हणजे ही जागा अंगठ्याची.

मग हे झोपेतच का? अमेरिकेत आयोवाचे मार्क ब्लमबर्ग वर्षानुवर्षं उंदरांच्या झोपाळू पिल्लांपाशी बसले आहेत. जागेपणी आपण हात हलवतो तेव्हा मेंदूला ते आधीच ठाऊक असतं आणि तो परतीचा निरोप दाबून टाकतो, म्हणून स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. झोपेतल्या उडीच्या वेळी हा चाप सुटलेला असतो. निरोप थेट वर जातो आणि लिहिला जातो. बायका म्हणायच्या की बाळ झोपलेलं असताना सटवाई लिहिते. वेळ तरी त्यांनी बरोबर धरली होती.

पण ताल जितका गरजेचा तितकंच त्याचं वेळेवर सुटणं. उंदराची पिल्लं डोळे उघडण्याच्या सुमारास त्यांच्या सालीतला हा सामुदायिक ठोका विरत जातो आणि पेशी सुट्या सुट्या बोलू लागतात. 2009 मध्ये जिवंत पिल्लांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून हे पाहिलं गेलं. सगळ्या पेशी नेहमी बरोबरच ओरडल्या तर त्यातून एकच बातमी कळते. आईचा चेहरा आणि शेजारणीचा चेहरा वेगळा ओळखायचा तर वेगवेगळ्या पेशींनी वेगवेगळ्या वेळी बोलायला हवं. जिथे ताल सुटत नाही किंवा भलत्या वेळी पुन्हा लागतो, तिथे फेफऱ्याची वाट उघडते.

गाबाच्या उलट्या हुकमाने इथे डॉक्टरांनाही चकवलं आहे. फेनोबार्बिटल हे 1912 पासूनचं झटक्यांवरचं औषध गाबाचा जोर वाढवतं. मोठ्यांत ब्रेक घट्ट होतो. नवजात बाळांत अनेकदा त्याने झटके थांबत नाहीत. मग पेशीत क्लोराइड भरणारा पंपच अडवला तर? बुमेटॅनाइड नावाचं लघवी वाढवणारं जुनं औषध ते करतं. उंदरांत आशा दिसली, युरोपात बाळांवर चाचणी सुरू झाली आणि काही बाळांची ऐकण्याची शक्ती गेल्याचं दिसल्यावर ती मधेच थांबवावी लागली. 2015 मध्ये तिचा अहवाल छापून आला. कागदावर सुबक दिसणारी युक्ती पाळण्यापर्यंत पोचेलच असं नसतं.

गोष्टीचं शेवटचं पान आपल्याकडचं आहे. कुलाब्याच्या नेव्ही नगरात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. ठाणे-डोंबिवलीहून तिथे पोचायचं तर सीएसएमटीनंतरही बसचा प्रवास उरतो. 1962 मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी तिथे जीवशास्त्राचं काम उभं केलं आणि पुढे सत्तरच्या दशकात फळमाशीच्या चेतापेशींवर सीमोर बेंझर यांच्यासह गाजलेलं संशोधन केलं. 1999 मध्ये शुभा टोळे आणि 2000 मध्ये विदिता वैद्य तिथे रुजू झाल्या. दोघींच्या प्रश्नांचं वय वेगळं. टोळे यांचा प्रश्न तालाच्याही आधीचा: मेंदूचा कुठला भाग कुठे बसणार, हे गर्भात कोण ठरवतं? 2008 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की एलएचएक्स2 नावाचं एक जनुक सालीच्या पेशींना साल म्हणून ओळख देतं. ते काढून घेतलं तर त्याच पेशी शेजारच्यांना हिप्पोकॅम्पस बनण्याचे हुकूम सोडू लागतात. लाट उठायला आधी शेत हवं, ते शेत कसं आखलं जातं त्याचा हा शोध.

वैद्य यांचा प्रश्न पुढचा. ताल चालू असतानाच्या कोवळ्या दिवसांत काही बिनसलं, तर मोठेपणी मनाचं काय होतं? 2020 मध्ये त्यांच्या गटाने, बेंगळुरू आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांना सोबत घेऊन, एक नेमका प्रयोग छापला. उंदरांच्या पुढच्या मेंदूतल्या चेतवणाऱ्या पेशींवर एक कृत्रिम कुलूप बसवलेलं होतं, ते एका ठरावीक औषधानेच उघडतं. जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत पिल्लांना ते औषध पाजलं आणि त्या पेशी रोज थोड्या जास्त चेतवल्या. मग औषध बंद. पिल्लं मोठी झाली, महिने उलटले. तरी हे उंदीर उघड्या जागेला जास्त भीत, संकटात लवकर हात टेकत, आणि अचानक आलेला आवाज गाळून टाकण्याची त्यांची ताकदही कमी पडत होती. कुमारवयात किंवा मोठेपणी तेच औषध तितकेच दिवस दिलं, तर यातलं काही झालं नाही. फक्त त्या तेरा दिवसांची ही करामत.

उंदरावरून माणसाबद्दल घाईने बोलू नये, हे खरं. तरी ही तारीख मला थांबवते. याच दिवसांत उंदराच्या मेंदूत गाबाचा हुकूम उलटत असतो, लाटा उठून विरत असतात. माणसाच्या बाळात याच्या जवळपासचा काळ पोटातल्या शेवटच्या महिन्यांत सुरू होतो आणि जन्मानंतर काही काळ चालतो. पाचवीची रात्र त्याच्या मधोमध पडते.

घरात तान्हं बाळ असेल तर एक सांगतो. झोपेत त्याची बोटं उडाली, पाय झटकले, ओठ हसले, तर त्याला उठवू नका आणि हातही दाबून धरू नका. जाग आली की ते आपोआप थांबतं. पण बाळ जागं असताना एखादा हात-पाय एकाच लयीत झटकत राहिला, डोळे एका जागी खिळले, चेहरा निळसर पडला किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर तेव्हा सटवाईवर सोपवू नका. फोनवर त्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच तासाला बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे निघा.